वजनकाट्यापाशी बसलेल्या सिस्टरना

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली, वय ३२. म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स आहे. घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. गेल्या जानेवारीत आमच्या एका सर्जनसोबत ओडिशात आठ दिवसांच्या मोफत शस्त्रक्रिया शिबिराला गेले होते. ओठ फाटलेली, टाळू दुभंगलेली मुलं. मला वाटलं होतं थिएटरात उभं करतील. बसवलं तपासणीच्या टेबलावर. वजन, ताप, हिमोग्लोबिन, सर्दी-खोकला. शंभराच्या वर मुलं आली, निम्मीसुद्धा घेता आली नाहीत.

त्यात एक आजी होती. नात सात महिन्यांची, ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेलं. वजन ४.१ किलो, हिमोग्लोबिन ७.८, नाक वाहत होतं. डॉक्टरांनी माझा कागद बघितला आणि मान हलवली. ‘नाही’ सांगायचं काम माझं. तिथला एक कॉलेजातला मुलगा दुभाष्या होता, त्याने सांगितलं. आजी काहीच बोलली नाही. पोरीला पदरात गुंडाळलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळी मी बाहेर आले तरी तिथंच. दुसऱ्या दिवशी नव्हती.

आता दिवाळीनंतर पुन्हा शिबिर आहे. ग्रुपवर मेसेज आलाय, सोबत मागच्या वेळचे आधीचे-नंतरचे फोटो. त्यात ती नाही. नवरा म्हणतो, रजा घालवून लोकांची पोरं परत पाठवायला एवढ्या लांब कशाला जातेस? सासूबाई एवढंच म्हणाल्या, ग्रहणात चिरलं-कापलं की असं होतं. मलाही वाटायला लागलंय, आपण तिथं जाऊन नेमकं केलं काय? जावं की न जावं?

— वजनकाटावाली, डिचोली

सिस्टर,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आणि असतं तरी तोंडात हेच आलं असतं. आयुष्य थिएटरात भूल देण्यात गेलं, सवय जात नाही.

आधी उत्तर, मग बाकीचं. जा. फक्त मागच्या खेपेला गेलात तशा जाऊ नका.

त्या मुलीला घेतलं नाही ते बरोबर होतं. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ओठाच्या ऑपरेशनला एक जुना ठोकताळा आहे. तुम्हाला तो पाठ असणार, इतर वाचकांसाठी सांगते. वय किमान दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. दहाचा नियमच म्हणतात त्याला. आजीची नात वयात बसली, उरलेल्या दोन्हींत नापास, वर सर्दी. सात महिन्यांच्या मुलीचं वजन साडेसात किलोच्या आसपास असायला हवं. ४.१ म्हणजे ते ऑपरेशनचं मूल नव्हतंच, आधी दूध पाजायचं मूल होतं.

‘एवढ्याशा सर्दीने काय होतंय?’ असं नातेवाईक विचारतात, कधी कधी सर्जनही विचारतात. होतं ते असं. सर्दीने चिडलेलं तान्ह्या मुलाचं स्वरयंत्र भुलेसाठी श्वासाची नळी घालताना किंवा काढताना एकदम आवळून बसतं, कुणी आतून कडी लावावी तसं. हवेची पिशवी कितीही दाबा, हवा आत जात नाही. मोठ्या माणसाला आधी प्राणवायू भरपूर दिला तर काही मिनिटांची शिल्लक राहते. बाळाकडे शिल्लक फार थोडी. मॉनिटरची टिकटिक प्राणवायू कमी होईल तशी सुरात खाली उतरत जाते, आणि तो उतरता सूर ज्याने एकदा ऐकला त्याला तो पुढे स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्येही ऐकू येतो.

मी ऐकलाय. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात. कुठे, कुणाच्या, ते सोडून देऊ. शेवटचा दिवस होता. दोन वर्षांचा मुलगा, टाळू फाटलेली, नाकाला हिरवट शेंबूड. बाप दोन बस बदलून आला होता, आदली रात्र स्टँडवर काढली होती. मी म्हटलं, हा नको. सर्जन म्हणाले, ‘बाई, उद्या आपण निघणार. आज नाही झालं तर याचं कधीच होणार नाही.’ ‘कधीच होणार नाही’ हे चार दिवस ऐकून ऐकून माझाही धीर सुटला होता. मी भूल दिली. स्वरयंत्र आवळलं. ओठ जांभळासारखे झाले. स्कोलीन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, दिलं, सुटलं, नळी गेली, सूर पुन्हा वर चढला. सर्जनचं ऑपरेशन देखणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची जीप निघाली तेव्हा बाप हात जोडून उभा होता, आणि पोराच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधलेले होते, तोंडात हात घालू नये म्हणून.

आठ महिन्यांनी, आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या शाळामास्तरांचं पत्र आलं. टाळूला भोक पडलंय, भात खाल्ला की नाकातून येतो, कुठे दाखवायचं? शिबिर भरवणारे तोवर पुढच्या जिल्ह्यात गेले होते. मी एका मोठ्या इस्पितळाचा पत्ता लिहून पाठवला. ते गेले की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकदा शिवलेली टाळू उसवली की दुसऱ्यांदा शिवणं अवघड, कारण तिथली कातडी आता व्रणाने ताठर झालेली असते.

शिबिराच्या अहवालात तो मुलगा झालेल्या शस्त्रक्रियांमध्ये मोजलेला होता. आजीची नात कुठल्याच आकड्यात नाही. पण तिची टाळू अजून कोरी आहे सिस्टर, कुणी बिघडवलेली नाही.

म्हणून त्या ‘नाही’चं ओझं खाली ठेवा. त्यानंतर जे राहिलं, त्याबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचंय.

आजी दिवसभर पायरीवर का बसून राहिली असेल? माझा अंदाज सांगते. तिला वाटलं असणार, अजून कुणीतरी बाहेर येईल आणि पुढचं सांगेल. कुणी आलं नाही. दुभाष्याने ‘होणार नाही’ एवढं सांगितलं. ‘आज होणार नाही’ आणि ‘होणार नाही’ यातला फरक त्या गर्दीत त्याने केला असेल असं मला वाटत नाही. आणखी एक. मूल घेऊन आजी आली, आई का आली नाही? असं मूल झालं की आईला घरात काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या अंगावर दूध होतं का, आटलं होतं का, की ती कामाला बाहेर गेली होती, हे त्या टेबलावर विचारलं गेलं असतं तर ४.१ किलोचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं असतं.

कारण वजन का वाढत नाही हे काही गूढ नाही. टाळू फाटली की तोंड आणि नाक एकच होतं. मूल ओढतं, पण ओढ लागत नाही. शहाळ्यातल्या स्ट्रॉला मधोमध भोक पाडून पाणी प्यायचा प्रयत्न करून बघा, तसं. अर्धं दूध नाकातून बाहेर, पोटात दुधाऐवजी हवा, मग उलटी. दहा-पंधरा मिनिटांत मूल दमून झोपतं आणि आईला वाटतं, पोट भरलं. मग कुणीतरी बाटली आणून देतं, बाटलीत पाणी जास्त. असा महिना गेला की मूल तुमच्या काट्यावर येतं.

यावर इलाज आपल्या आज्यांच्या ट्रंकेत होता. बोंडलं. चोचीचं, छोटंसं, पितळेचं किंवा चांदीचं. हल्ली ते शोकेसमध्ये मिरवतं. इस्पितळात तेच स्टीलचं आलं की पलाडाई होतं. आईचं दूध पिळून बोंडल्यात घ्यायचं, मूल जवळजवळ उभं धरायचं, चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि थोडं थोडं सोडायचं. घोट गिळला की पुढचा. मधे मधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही मुलं हवा फार गिळतात. एका वेळी थोडंच, पण दिवसातून पुष्कळदा. बोंडलं नसेल तर वाटी-चमचा. सहा महिने झाले की वरचं अन्न. आपल्याकडे नाचणीचं तिझण करतो ना, तिकडे नाचणीला मांडिया म्हणतात आणि ती घरात असते. एकदा समोर बसवून पाजायला लावलं, आणि आईच्या किंवा आजीच्या हाताला ते जमलं, की झालं. तुम्ही थिएटरात उभ्या राहून सर्जनच्या हातात सुया दिल्या असत्यात तर कदाचित एका मुलाचं ऑपरेशन पाच मिनिटं आधी संपलं असतं. त्याच पाच मिनिटांत... पण जाऊ दे, थिएटरचं आकर्षण मला कळतं, मी तिथंच म्हातारी झालेय.

या खेपेला तपासणीच्या टेबलावर दुसरी वही ठेवा. घेतलेल्यांची वही सगळे ठेवतात, ही परत पाठवलेल्यांची. नाव, गाव, आशाताईचा फोन, कशामुळे नाही, आणि कधी हो. या शेवटच्या रकान्यात काही लिहिता येत नसेल तर मूल टेबलावरून उठू द्यायचं नाही. वजन कमी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. सहा महिन्यांपुढची अतिकुपोषित मुलं तिथे आईसकट साधारण दोन आठवडे ठेवून घेतात, त्यांचं खाणंपिणं आणि औषधपाणी बघतात. आजीची नात सात महिन्यांची होती, म्हणजे वयाने नेमकी त्यात बसत होती. सर्दी असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पण पुन्हा कुणाकडे, ते नावानिशी. आणि सगळ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून देशभर आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले ३० प्रकारचे दोष आणि आजार त्यात धरलेत. ओठ-टाळू दुभंगणं, वाकडी पावलं, हृदयाचे जन्मजात दोष, सगळं त्यात येतं. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातं. कागदावर हे छान आहे आणि प्रत्यक्षात कुठे चालतं, कुठे चालत नाही. पण आजीच्या हातात त्या पथकाच्या नावाची चिठ्ठी असणं आणि काहीच नसणं यात फरक आहे.

तुम्हाला वाटत असेल, परत पाठवण्याचं दुःख तुमच्या एकटीचं. या कामाची सुरुवातच तिथून झाली. १९८२ मध्ये विल्यम आणि कॅथलीन मॅगी हे अमेरिकन जोडपं, ते प्लास्टिक सर्जन आणि त्या नर्स, डॉक्टरांच्या एका गटाबरोबर फिलिपिन्समधल्या नागा शहरात गेलं. सुमारे ३०० कुटुंबं मुलं घेऊन आली. वेळ आणि सामान होतं ४० मुलांपुरतं. उरलेल्यांना परत पाठवताना जे वाटलं त्यातून ‘ऑपरेशन स्माईल’ उभी राहिली. पुन्हा येऊ असं म्हणून गेलेली माणसं खरोखर पुन्हा आली, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढे त्यांनाही उमगलं की पुन्हा पुन्हा जाऊनही पुरत नाही. आसामात शिबिरांनंतर २०११ मध्ये गुवाहाटीच्या महेंद्र मोहन चौधरी रुग्णालयात सरकारच्या मदतीने बारमाही केंद्र सुरू झालं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्माईल ट्रेन’ने तर उलटंच धरलं. परक्या सर्जनला विमानात बसवायचं सोडून तिथल्याच सर्जनला शिकवायचं आणि ऑपरेशनचा खर्च द्यायचा. सर्जन तिथलाच असला की टाका उसवला तर दार वाजवायला दार असतं.

आपल्या मराठी माणसाला शिबिर म्हटलं की डॉ. शरदकुमार दीक्षित आठवतात. अमेरिकेत राहून १९६८ पासून भारतात येऊन फुकट प्लास्टिक सर्जरी करत राहिले. अपघाताने व्हीलचेअर आली, स्वरयंत्राचा कर्करोग झाला, तरी यायचे थांबले नाहीत. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्याला मी आठ दिवसांचा पाहुणा म्हणणार नाही. पण त्यांच्या शिबिरांनाही मंडप घालणारी, नावं लिहिणारी, नंतर टाके काढायला हजर असणारी माणसं लागत होतीच. फोटोत ती सहसा नसतात. तुम्हीही नाही आहात, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

आठ दिवसांत किती होतं आणि किती उरतं, याचा हिशोब एकदा नवऱ्यालाही सांगा. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात. टाळू नऊ ते अठरा महिन्यांत, कारण मूल बोलायला लागायच्या आत छत बंद झालेलं बरं. उशीर झाला की शब्द नाकातून येण्याची सवय लागते आणि ती शिवून जात नाही. मग बोलणं शिकवणारा माणूस हवा. या मुलांच्या कानात पाणी साठतं, ते कुणीतरी बघायला हवं. आठ-दहाव्या वर्षी हिरडीच्या फटीत हाड भरायचं, दात सरळ करायचे, कुणाचं नाक पुढे सोळा-अठराला नीट करायचं. शिबिर यातला एक तुकडा करून जातं. तुकडा करणं वाईट नाही. तुकड्याला अख्खं म्हणणं वाईट.

म्हणून हो म्हणायच्या आधी ग्रुपवर मेसेज टाकू नका, आयोजकांना सरळ फोन करा. विचारा, आपण निघाल्यावर तिथे कोण आहे? नाव सांगा, पद नको. जिल्हा रुग्णालयातला सर्जन शिबिरात आपल्याबरोबर ऑपरेशनसाठी हात धुणार आहे का, की फक्त उद्घाटनाला येणार? एका टेबलाला एक भुलतज्ज्ञ आहे ना, की एकजण दोन टेबलांमध्ये पळणार? ऑपरेशननंतर मुलं शुद्धीवर येतात त्या खोलीत रात्री कोण जागं असतं? तिथे घशातलं रक्त-लाळ ओढून घेणारं सक्शन मशीन आहे का, आणि वीज गेली तर चालतं का? टाळूची ऑपरेशनं पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि ओठाची शेवटी ठेवलीत का? टाळूतून रक्त यायचं तर ते आपण तिथे असताना यावं, जीप निघाल्यावर नको. घशात ठेवलेला गॉजचा बोळा मोजून आत, मोजून बाहेर, हे फळ्यावर लिहितात का? आणि मुलांचे फोटो लावता, त्यांच्या आईबापाला त्यांच्या भाषेत विचारलं होतं का?

या प्रश्नांवर जो आयोजक चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नका. जो म्हणेल, ‘सिस्टर, यातलं निम्मं आमच्याकडे नाही, तुम्ही बघाल का?’ त्याच्याबरोबर डोळे मिटून जा. आणि स्पष्ट सांगा, मला तपासणीलाच बसवा. आठही दिवस. थिएटरात कुणीही नवी मुलगी उभी राहील.

नवऱ्याचं वाक्य तुम्हाला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. दुसरी वही नसती तर पोरं परत पाठवायलाच जाणं झालं असतं. त्याला वही दाखवा. त्याचबरोबर हेही खरं की आठ दिवस मुलीची शाळा, डबा आणि सासूबाईंची औषधं त्याने सांभाळलीत. ‘एवढ्या लांब कशाला जातेस?’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ‘मी दमलो’ असं म्हणत असतो. मागचं आभार मानायचं राहिलं असेल तर आधी ते करा. रजेचं म्हणाल तर कुठलीही घाला, चवथीची सोडून. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला सून नव्हती, हे तुम्हाला पुढच्या दहा चतुर्थ्या ऐकावं लागेल आणि त्यावर माझ्याकडे सल्ला नाही.

सासूबाईंशी ग्रहणावरून वाद घालू नका. फक्त एकदा निवांत बसल्या असताना सांगा की वरचा ओठ गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्याच्या सुमारास. कितीतरी बायकांना तोवर दिवस राहिल्याचं नीट कळलेलंही नसतं. ते जुळायचं राहून जातं त्याला कधी घराण्यातला वारसा, कधी फॉलिक ॲसिडची कमतरता, कधी फिटची काही औषधं, तंबाखू, आणि पुष्कळदा नक्की कारण सापडतच नाही. साधारण ७०० जन्मांत एक मूल असं होतं. विळी त्यात कुठे येत नाही. सासूबाई मानतील असं नाही. पण उद्या वाड्यावर कुणाच्या सुनेला असं मूल झालं तर त्यांच्या तोंडून ग्रहण निघायच्या आधी त्या क्षणभर थांबतील.

आता गोव्याचं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. ओडिशाला जायला तुम्हाला रजा आणि तिकीट लागतं. ओडिशा इथे बांधकामावर आलंय. झारखंड आलंय, विजापूर-बागलकोट तर कधीचं आहे. आपल्या मुलांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड आहे, २०१६ पासून. त्याला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, दर पावसाळ्यात साइट बदलणाऱ्या कुटुंबाकडे तो कागद कुठला असणार? २०१८ पासून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, गोव्याबाहेरच्यांना पैसे लागतात, हे त्यांनी ऐकलेलं असतं. मग ती फाटकापर्यंतही येत नाहीत. अंगणवाडी मात्र कार्ड विचारत नाही, आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. म्हणजे मूल अंगणवाडीच्या पटावर असेल तर त्याला बांबोळीपर्यंत पोचवायची एक वाट आहे, फक्त कुणीतरी पहिल्या दिवशी सोबत जायला हवं. केसपेपर कुठल्या खिडकीवर, प्लास्टिक सर्जरीची ओपीडी कुठल्या दिवशी, शेजारच्या दंत महाविद्यालयात कुणाला भेटायचं, हे तुम्ही-आम्ही डोळे झाकून करतो. कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या बाईला त्या इमारतीत शिरायची भीती वाटते. म्हापशाहून कदंबच्या बसने अर्धा-पाऊण तास. महिन्यातला एक साप्ताहिक सुट्टीचा दिवस दिलात तरी चालेल. त्याचा ग्रुपवर फोटो येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एक सावधगिरी. वाकडी पावलं घेऊन जन्मलेलं मूल दिसलं तर शिबिराची वाट बघू देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं तर बहुतेक पावलं मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. फार तर टाचेच्या शिरेला छोटासा छेद. पुढे चार वर्षांचं होईपर्यंत रात्री खास बूट घालायचे, आणि घरची माणसं कंटाळून सोडतात ते हेच. तिथेही लागतो तो दर महिन्याला ‘बूट घालताय ना?’ असं विचारणारा एक कंटाळवाणा माणूस.

राहता राहिली ती मुलगी. जानेवारीत सात महिन्यांची, म्हणजे आता ती चौदा-पंधरा महिन्यांची असेल. टाळू शिवायची चांगली वेळ अठरा महिन्यांपर्यंत असते, म्हणजे हातात तीन-चार महिने आहेत. ओठही त्याआधी किंवा त्याचबरोबर होऊ शकेल. तुम्ही शिबिराला जाणार दिवाळीनंतर, तोवर त्यातले दोन सरतील. तपासणीचे कागद आयोजकांकडे असतील, त्यावर गाव असेल. पण त्यांच्या कपाटापेक्षा मला तुमच्या पत्रातला तो कॉलेजातला दुभाष्या जवळचा वाटतो. तो तिथलाच आहे, आणि आपण सगळे निघून आल्यावर मागे राहिलेला आहे. त्याचा नंबर ग्रुपवर असेलच. आज ड्युटी संपली की त्याला फोन लावा. आजी कुठली होती हे त्याला आठवत असेल, नसेल तर त्याच्या आईला विचारायला सांगा. गाव मिळालं की आशाताईला गाठायला सांगा आणि मुलीचं वजन करायला सांगा. अंगावरचे कपडे काढून, काटा आधी शून्यावर आणून. तुम्हाला हे सांगायला नको, त्याला सांगा. जो आकडा येईल तो मलाही कळवा.